दहा पावलांवरून घेतलेला फोटो

मी फोटो काढायला शिकले ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी. तेव्हा मी धरमपेठेतल्या एका मुलींच्या शाळेत कारकून होते. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. लग्नाच्या मुलींचे फोटो स्थळांकडे पाठवण्याची पद्धत आमच्या भागात सर्रास झाली होती आणि आयांची एक तक्रार नेहमीची होती. स्टुडिओतला माणूस हनुवटीला बोट लावून मान वळवतो, मुलगी अवघडून बसते, आणि फोटोत तेवढं अवघडलेपणच दिसतं. एखादी बाई फोटो काढणारी असती तर, असं मी चार-पाच जणींच्या तोंडून ऐकलं आणि ते माझ्या डोक्यात बसलं. आमच्या घराच्या पुढच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. नवऱ्याच्या आतेभावाकडे एक कॅमेरा पडून होता, वरून खाली बघून फोटो काढायचा, पेटीसारखा. तो मी मागून आणला.

शिकवायला काका मिळाले. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. एका सरकारी खात्यात तीस वर्षं दगडांचे आणि खनिजांचे फोटो काढून निवृत्त झाले होते. "दगडाचं बरं असते वं," ते म्हणायचे, "हलत नाही, आन् फोटो पाहून रुसतही नाही."

पहिला महिनाभर त्यांनी मला कॅमेऱ्यात रोल घालू दिला नाही. हातात वही दिली. रोज सकाळी ओसरीत, मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत उभं राहायचं आणि इथं उजेड किती आहे ते डोळ्यांनी ठरवून लिहायचं. म्हणजे भिंगाचं छिद्र किती उघडावं लागेल आणि शटर किती वेळ उघडं राहावं लागेल, हे दोन आकडे. संध्याकाळी काका ते तपासायचे. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "काय करून राहिली कोण जाणे! भिंतीकडं पाहून पाहून आकडे लिहून राहिली."

मग काकांनी त्यांचं मीटर माझ्या हातात दिलं. साबणाच्या वडीएवढं यंत्र, वर एक काच, त्यात थरथरणारा काटा. जिकडे धराल तिकडचा उजेड तो काटा दाखवायचा.

"एक ध्यानात ठेव," काका म्हणाले. "याले माणूस कळत नाही, साडी कळत नाही. समोर जे असेल ते राखाडी आहे, असंच धरून चालते हे. पांढरं दाखवलं का म्हणते, उजेड फार झाला, कमी घ्या. तू त्याचं ऐकलं का मंग फोटो काळा."

"मग काय करायचं?"

"माणसाचा फोटो आहे नं? मंग माणसाच्या गालापाशी न्यायचं. वीतभर अंतरावर. साडी काय म्हणते, भिंत काय म्हणते, आपल्याले घेणं नाही. चेहऱ्याचंच ऐकायचं."

हे मला चांगलं समजलं होतं, हे इथं लिहून ठेवते. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

व्यवसाय सुरू करण्याआधी दहा घरांतले फोटो काढायचे आणि कोणाकडून काही घ्यायचं नाही, अशी काकांची अट होती. पहिली सात घरं धरमपेठेतच मिळाली. मी एकेकीच्या जवळ जायची, गप्पा मारत मीटर गालापाशी न्यायची, केसांची बट मागे सारायची, पदर नीट करायची. वहीत प्रत्येक फोटोपुढे लिहायची : खिडकीजवळ, सकाळी नऊ, चेहऱ्यापासून वीतभर. फोटो बरे यायला लागले होते. एका आजींनी तर माझा हात धरून डोळ्यांना लावला.

आमच्या शाळेत एक आया होत्या. सगळ्याजणी त्यांना मावशी म्हणायच्या. सहा वर्षं रोज सकाळी त्या माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवत होत्या. इंदोऱ्याला राहायच्या. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या कुटुंबातल्या. त्यांच्या थोरल्या मुलीला शिक्षिकेची नोकरी लागली होती, कळमेश्वरजवळच्या एका शाळेत, आणि दिवाळीनंतर ती रुजू होणार होती. दसऱ्यासाठी मावशींची म्हातारी आई गावाहून आली होती. मुलगी जायच्या आधी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढावा म्हणून मावशी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायला माझ्याकडे आल्या.

"बर्डीवरच्या स्टुडिओत जायचं म्हणतो, बाई. माय माही कधीच फोटोत नाही."

"स्टुडिओत कशाला? मी येते ना रविवारी," मी म्हणाले. "मी शिकतेय. फुकट काढून देईन."

मावशी जरा थांबल्या. स्टुडिओतला पडदा, मागे रंगवलेला बगीचा, हे त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. पण मला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. "तुमाले कशाले त्रास?" एवढंच म्हणाल्या.

त्रास नव्हता. मला उघड्या उन्हात सात-आठ जणांचा एकत्र फोटो काढून बघायचा होता आणि धरमपेठेतल्या कोणाकडे तो बिघडवायची भीती वाटत होती. इथं बिघडला तर बिघडला. मनात हेच शब्द आले होते. आज ते सौम्य करून लिहिले तर मी पुन्हा खोटं बोलेन.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी त्यांच्याकडे गेले. दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, अंगणाच्या भिंतीला नुकताच चुना मारलेला. आतल्या भिंतीवर तसबिरी होत्या आणि त्यांच्यापुढे ताजी फुलं. घरातली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत होती. म्हाताऱ्या आजी खाटेवर बसल्या होत्या. दीक्षा घ्यायला गावाहून पायी आले तेव्हाही अशीच पांढरी साडी होती, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मावशींच्या मुलीनं लिंबाचं सरबत आणलं. मी ते प्यायले. आमच्या घरात कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा, खिडकीच्या वरच्या फळीवर असायचा. सासूबाईंनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, हा विचार सरबत पिताना माझ्या मनात आला, आणि मी पेला रिकामा करून खाली ठेवला तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. आपण किती पुढारलेल्या, असं.

मग मी सगळ्यांना चुन्याच्या भिंतीपुढे उभं केलं. मध्ये खुर्चीवर आजी, तिच्या मागे मावशी आणि त्यांचे यजमान, बाजूला मुलगी, पुढे धाकटी भावंडं. आता मीटर घेऊन जवळ जायचं, आजीच्या गालापाशी धरायचं. मी दोन पावलं टाकली आणि थांबले.

का थांबले, हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. ऊन चढत होतं. शेजारची माणसं जमून बघत होती. माणसं बरीच होती, एकेकाच्या तोंडाशी कुठं यंत्र नेत बसायचं. ही सगळी कारणं खरी होती, आणि त्यांतलं एकही कारण मला सात घरांमध्ये आडवं आलं नव्हतं. सरबत पिऊन झालं होतं. पण त्या चेहऱ्यांच्या वीतभर जवळ जायला माझे पाय तयार नव्हते. मी दहा पावलांवरून मीटर सगळ्यांच्या दिशेनं धरलं. काटा पार टोकाला गेला. मी वहीत आकडे लिहिले, कॅमेरा लावला आणि रोलमधले बाराही फोटो त्याच मापानं काढले.

रोल इतवारीतल्या एका दुकानात धुवायला दिला होता. प्रिंट घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "बहनजी, रोल कमजोर है. लाइट कम पडी." स्वतःच्या हातून बिघडलं म्हणून हा माझ्यावर ढकलतोय, असं मी ठरवलं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रिक्षात बसून पाकीट उघडलं. भिंत राखेसारखी आली होती. साड्या मळक्या. चेहऱ्यांच्या जागी काळपट गोळे होते, आजीचे डोळे कुठे आणि सुरकुत्या कुठे ते कळत नव्हतं.

मला आश्चर्य वाटलं नाही. सगळ्यात जास्त लाज मला त्या क्षणाची वाटते. धरमपेठेतल्या कोणाचा असा फोटो आला असता तर मी धावत काकांकडे गेले असते. हा पाहिला आणि मला वाटलं, असाच येणार.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशी कार्यालयाच्या व्हरांड्यात आल्या. बरोबर मुलगी होती, फोटो बघायला मुद्दाम आलेली. आमच्या एक शिक्षिका शेजारी बसून पेपर तपासत होत्या. मी पाकीट दिलं. मावशींनी पहिला फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"माय कोणती यातली?" त्यांनी मुलीला विचारलं.

मुलीनं बोट ठेवून दाखवलं.

मी घाईनं म्हणाले, "काय आहे मावशी, रंग सावळा असला की फोटो असाच येतो. त्याला कॅमेरा तरी काय करणार?"

मावशींनी मान हलवली. "हो बाई. आमचा रंगच तसा. तुमी तं मेहनत केली." आणि हसल्या. मला वाईट वाटू नये म्हणून हसल्या.

मुलगी मात्र फोटोतून डोळे काढत नव्हती. एकामागून एक तिनं बाराही फोटो पाहिले. मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, आम्ही काळे आहोत ते ठीक आहे. पण साडी तर पांढरी होती नं?"

तिनं हातातला फोटो माझ्यापुढे धरला.

"आन् भिंतीले तीन दिवस आधी चुना मारला होता. माह्या बापानं मारला. ती काहून काळी आली?"

आत्तापर्यंत शाळेतल्यासारखं बोलणारी मुलगी घरच्या भाषेवर आली होती. शेजारच्या शिक्षिकेचा पेन थांबला. मला तेव्हाच सगळं कळलं. पांढरं दाखवलं की यंत्र काय म्हणतं ते काकांनी मला सांगितलं होतं, आणि या मुलीनं मीटर हातातही न धरता ते एका नजरेत ओळखलं होतं. चूक झाली, एवढे दोन शब्द पुरले असते. मी म्हणाले, "चुन्याच्या भिंती उन्हात अशाच येतात."

तिनं फोटो नीट रचून पाकिटात घातले. "चाल माय," ती म्हणाली. मावशींनी मला नमस्कार केला आणि दोघी गेल्या. पेपर तपासणाऱ्या बाई खाली मान घालून म्हणाल्या, "आजकाल शिकल्या की फार बोलतात." मी होकारार्थी मान हलवली. तीसुद्धा मी हलवली.

संध्याकाळी मी निगेटिव्ह घेऊन काकांकडे गेले. त्यांनी पट्टी खिडकीसमोर धरली.

"पातळ आहे. पार पातळ. उजेड पोचलाच नाही. वही दाखव."

मी वही दिली. ते एकेक पान मागे गेले. वीतभर, वीतभर, वीतभर. मग शेवटचं पान : अंगण, सकाळी दहा, दहा पावलांवरून.

"जवळ काहून नाही गेली?"

"गर्दी होती काका."

"तिसऱ्या घरी बारसं होतं. तिथं गर्दी नव्हती?"

ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांच्याच घरात कोणाचा कप कुठे असतो, हे त्यांना आणि मला दोघांना माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "यंत्राची चूक असती तं मी दुरुस्त करून दिली असती." आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

पुन्हा इंदोऱ्याला जायला मी तीन आठवडे लावले. सुट्टी लागेपर्यंत रोज सकाळी मावशी टेबलावर तांब्या ठेवायच्या, मी हजेरीच्या मस्टरमध्ये डोकं घालायची. शेवटी दिवाळीची सुट्टी संपत आली तेव्हा एका रविवारी कॅमेरा घेऊन गेले. वाटेत सायकल रिक्षात मी वाक्य पाठ करत होते : मावशी, चूक माझी होती, मी मीटर जवळ आणलं नाही. दारात मावशी दिसल्या आणि तोंडातून निघालं, "मावशी, त्या दिवशी यंत्र बिघडलं होतं हो. दुरुस्त करून आणलंय. पुन्हा काढू या."

आजी गावी परत गेल्या होत्या. यजमान कामावर गेले होते. मावशी तयार झाल्या. साडी बदलते म्हणाल्या, मी आहे तशाच बसा म्हटलं. मी त्यांना दाराच्या सावलीत बसवलं आणि मीटर घेऊन त्यांच्या गालापाशी गेले. वीतभर. सहा वर्षं मी ही बाई रोज बघत होते. त्यांच्या डाव्या भुवईत एक जुनी खोक होती, केस तिथं उगवत नव्हते. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे वळ होते, म्हणजे घरी त्या चष्मा लावत असणार, शाळेत कधी लावलेला मी पाहिला नव्हता. यांतलं मला काहीच माहीत नव्हतं. काटा बघायचं सोडून मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

"बसा बाई, दम खा," मावशी म्हणाल्या.

त्यांची मुलगी आत सामान बांधत होती. दोन दिवसांनी निघणार होती. मावशींनी हाक मारली, "ये वं, तुहाही काढतात बाई."

ती दारापर्यंत आली. "मले नको."

"अगं, आता नीट येईल," मी म्हणाले. "यंत्र..."

"माझा आहे काढलेला," ती म्हणाली. माझ्याशी बोलताना ती पुन्हा शाळेतल्या भाषेवर गेली होती. "नोकरीच्या अर्जाला लागला म्हणून बर्डीवरच्या स्टुडिओत काढला." आत जाऊन तिनं तो आणून दाखवला. पासपोर्ट आकाराचा, पांढऱ्या पडद्यापुढचा. चेहरा स्वच्छ आला होता, डोळ्यांतला उजेडसुद्धा. पडदा पांढरा होता. सावळी मुलगी सावळी दिसत होती आणि छान दिसत होती.

"चांगला आलाय," मी म्हणाले.

"हो. त्यांनी नीट काढला," ती म्हणाली, आणि फोटो घेऊन आत गेली.

मावशींचा फोटो उत्तम आला. मी तो मोठा करून, चौकटीत बसवून त्यांना दिला. त्यांनी माझे पुन्हापुन्हा आभार मानले, आणि दर वेळी ते मला बोचले. आजींचा फोटो काढायला मी त्यांच्या गावी येते, असं मी दोन-तीनदा म्हणाले. मावशींनी दर वेळी काहीतरी अडचण सांगितली. एकदा म्हणाल्या, "म्हातारी म्हणते, एक आहे तो पुरे."

त्यानंतर दोन महिन्यांनी मी पुढच्या खोलीत पडदा लावला आणि माझा व्यवसाय सुरू झाला. तो चांगला चालला. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, गोऱ्या, सावळ्या, काळ्या, शेकडो मुली माझ्या खिडकीपाशी बसून गेल्या. मी प्रत्येकीच्या गालापाशी मीटर नेलं. कित्येक आया मला बाजूला घेऊन हळूच म्हणायच्या, जरा उजळ काढा. मी हो म्हणायची. कधी काढायचीही. त्या बाबतीत मी फार मोठं काही केलं, असं नाही.

मावशी निवृत्त झाल्या ते ऐंशीच्या दशकात. शाळेनं त्यांना शाल आणि नारळ दिला, फोटो मी काढले. समारंभ संपल्यावर कागदांवर सह्या करायला त्या माझ्या टेबलापाशी बसल्या. आता चष्मा लावून सह्या करत होत्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. माझ्या तोंडून एकदम निघालं, "मावशी, तेव्हा यंत्र बिघडलं नव्हतं."

कशाबद्दल ते त्यांनी विचारलंच नाही.

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "पोट्टीनं त्याच दिवशी सांगतलं. तुमी जवळ नाही आल्या म्हणे."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलू, बाई? रोज तुमच्यासमोर सही करायची होती मले." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. "आज काहून सांगून राहिल्या?"

"मनावर होतं."

"मंग आता उतरलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि अजून कुठे सही राहिली का ते विचारलं. एक राहिली होती. मी जागा दाखवली, त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं. शाल पिशवीत घातली, नारळ वर ठेवला. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. मुलीचं विचारायचं होतं, ती आता कळमेश्वरजवळच्या त्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्याचं मी कोणाकडून तरी ऐकलं होतं, पण मला ते विचारता आलं नाही. शाळा सुटायची वेळ होती आणि रस्त्यावर सायकली, रिक्षा यांची गर्दी झाली होती. मावशी दोन्हीकडे बघून, गर्दी जरा कमी झाल्यावर पलीकडे गेल्या.